कानाच्या वयाची पुस्तकं

पाऊस लागला की चिचगडात वीज जाते आणि वीज गेली की आमच्या छपरीत पुस्तक निघतं. नात पावणेपाच वर्षांची आहे. लेक-जावयाच्या बदलीच्या नोकऱ्या. दोघांनी ठरवलं की सहा पूर्ण होईस्तोवर पोरीला कुठल्याही कॉन्व्हेंटात घालायचं नाही. (विदर्भात इंग्रजी बालवाडीला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. तिथे नन असायलाच पाहिजे असं नाही, गळ्यात टाय असला की झालं.) कायद्याची आडकाठी नव्हती. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला खरा, पण चार-पाच वर्षांचं पोर घरी शिकतं म्हणून कोणी दारात येऊन विचारत नाही. तेव्हा पोरगी माझ्याकडे आली, आणि तिच्यामागून पुस्तकांनी भरलेलं एक खोकं.

मी उभी हयात प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. वाचायला शिकवणं मला येतं असा माझा समज होता, आणि तो खराही असेल. पण वाचायला शिकवणं वेगळं आणि वाचून दाखवणं वेगळं. पहिल्यात पोराचा डोळा पुस्तकावर असतो. दुसऱ्यात त्याचा डोळा कधी चित्रावर असतो, कधी भिंतीवरच्या पालीवर, कधी माझ्या हलणाऱ्या मिशीवर. पुस्तकावर असतो तो फक्त कान. पाचाखालच्या पोराचं वय हे कानाचं वय. आणि या वयासाठी म्हणून मराठीत छापलेली बरीचशी पुस्तकं कानानं कधी तपासलेलीच नसतात, हे मला त्या खोक्यानं शिकवलं.

पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. पुस्तक देखणं होतं, कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. त्यात वाक्यं होती ती साधारण अशा थाटाची: ‘पावसात भिजून चिंब झालेल्या आणि थंडीने कुडकुडणाऱ्या त्या इवल्याशा पिल्लाला पाहून आईचे मन भरून आले.’ व्याकरणात खोट नाही. डोळ्यानं वाचलं तर बरंच वाटतं. पण मोठ्यानं वाचून पाहा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे काय झालं ते कळायला ऐकणाऱ्याला वाक्याच्या शेपटापर्यंत थांबावं लागतं. मोठं माणूस थांबतं. पोर कशाला थांबेल? ‘झालेल्या’, ‘कुडकुडणाऱ्या’, ‘इवल्याशा’ अशी विशेषणांची बैलगाडी पुढून चाललेली, आणि गाडीत बसलेलं पिल्लू अजून दिसतच नाही. आई येईपर्यंत माझी नात पालीकडे वळली होती. मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि मनानंच सांगितलं: पिल्लू भिजलं. चिंब भिजलं. लागलं कुडकुडायला. कोणी पाहिलं? आईनं पाहिलं. पाल गेली आणि पोर परत आली.

तेव्हापासून मी पुस्तक निवडताना एक पानभर मजकूर ओठ हलवत वाचतो. नागपूरच्या दुकानात उभ्यानं असं वाचताना लोक बघतात, बघोत. चिचगडात पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि रंगाच्या पेट्या. देवरीला त्याहून थोडं बरं. धड निवड करायची तर गोंदिया, नाही तर नागपूर गाठावं लागतं. एवढी तिकिटं मोडून आणलेलं पुस्तक तोंडाला बसलं नाही तर चीड येते. श्वास कुठे तुटतो ते आधी पाहतो. मग पाहतो ‘गेले’ आहे की ‘गेलं’.

हे दुसरं क्षुल्लक वाटेल, पण मराठी बालपुस्तकाचा अर्धा प्रश्न या एका अनुस्वारात आहे. ‘झाड डोलू लागले, पाखरू उडून गेले’ असं कोणत्या घरात कोणी बोलतं? पुण्यात नाही, कोल्हापुरात नाही, गोंदियात तर नाहीच. ती भाषणाची, अर्जाची आणि परीक्षेच्या पेपरातली मराठी. पोराला मांडीवर घेऊन ‘गेले’ म्हटलं की आजोबाचा मास्तर होतो, आवाज आपोआप ताठ होतो. ‘गेलं’ म्हटलं की मांडी मांडीच राहते. लिहिणाऱ्याला वाटतं, मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडावी. पण ज्या कानाला घरची भाषा नुकतीच कळू लागली, त्याला शुद्ध-अशुद्ध काय? त्याला ओळखीचं आणि परकं एवढंच कळतं.

आणि आमच्याकडे तर परकेपणाच्या पायऱ्या पुष्कळ. घरात झाडीबोली, बाजारात हिंदी, सरहद्द ओलांडून आलेल्या पाहुण्याची छत्तीसगढी, आजूबाजूच्या टोल्यांवर गोंडी, कुठे हलबी. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दाखवून दिलेलं आहे की या बोलीत ण नाही, ळ नाही. पुस्तकातलं ‘पाणी’ माझ्या तोंडून ‘पानी’ होऊन बाहेर पडतं, ‘डोळे’चे ‘डोरे’ होतात. शाळेत असतो तर मी स्वतःलाच तांबडी रेघ मारली असती. छपरीत मारत नाही. उलट माझी कसोटी आता अशी झाली आहे की पुस्तक घरच्या बोलीत घोळून सांगितलं तरी ते मोडू नये. चांगलं पुस्तक मोडत नाही. त्याचा सांगाडा गोष्टीचा असतो, शब्दांच्या रंगरंगोटीचा नसतो. जे पुस्तक एक शब्द बदलला की कोसळतं ते बहुधा शब्दांवरच उभं असतं. कविता अर्थात अपवाद. तिला हात लावायचा नाही.

आपल्याकडे हे असं का झालं, याचं कारण जुनं आहे. मराठीत मुलांसाठी पहिलं पुस्तक छापलं गेलं तेच नीती शिकवायला. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. त्या इसापाच्या गोष्टी. मग १८२८मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ दिल्या. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक १८८१चं, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६चा. या माणसांचे उपकार मोठेच. पण त्यांच्यासमोरचं मूल वाचता येणारं होतं, आठ-दहा वर्षांचं, बहुधा मुलगा आणि बहुधा शहरातला. वाचता न येणाऱ्या पोराला कोणी तरी वाचून दाखवील, हे त्या काळाच्या हिशेबातच नव्हतं. कशाला असेल? त्यासाठी आजी होती. आजीला पुस्तक लागत नव्हतं. पुढे आजी शहरातल्या दोन खोल्यांत मावेनाशी झाली, आणि तिची जागा भरायला जे पुस्तक आलं त्यानं आजीचा आवाज न उचलता मास्तरांचा उचलला. गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ नावाचं शेपूट इसापानं दिलं. आपण ते दोनशे वर्षं सांभाळलं. आजही नव्या कोऱ्या चित्रपुस्तकात ते सापडतं, फक्त त्याला आता मूल्यशिक्षण म्हणतात.

याला छेद देणारं काम मराठीत झालं नाही असं नाही, आणि ते शहराबाहेर झालं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. दोघं माँटेसोरीच्या वाटेनं जाणारी. पण माँटेसोरीबाईंना लहान वयात पऱ्या-राक्षसांच्या गोष्टी नको होत्या आणि गिजुभाईंना गोष्टीशिवाय करमत नव्हतं. त्यांनी गुजरातीत गोष्टी सांगण्याच्या कलेवर अख्खं पुस्तक लिहिलं. ताराबाई १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७मध्ये कोसबाडला. सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज पोषण आहाराच्या हिशेबात अडकला आहे, तो मुळात तिथला. त्यांनी माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. मला नेहमी वाटतं, साधनांच्या बाबतीत जे झालं ते पुस्तकांच्या बाबतीत व्हायचं राहून गेलं. गणतीला बिया आल्या पण गोष्टीत बी रुजलं नाही; गोष्ट शहरातूनच येत राहिली.

कवितेचं तसं नाही. या वयाच्या मराठी कवितेला मी कुठल्याही भाषेच्या पंगतीत बसवीन. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ची आणि ‘एटू लोकांचा देश’ १९६३चा; दोन्ही आजही तोंडात घेतली की उड्या मारतात. विंदांनी तात्पर्याची चक्क टिंगल केली. पाडगावकर, शांताबाई शेळके, इंदिरा संत, कितीतरी मोठ्या कवींनी मुलांसाठी लिहिताना हात आखडता घेतला नाही. कारण उघड आहे. कवितेत कानाला फसवता येत नाही; ताल चुकला की चुकला. गद्यात फसवता येतं. मराठीत मोठ्या कवींनी मुलांसाठी लिहिलं, पण मोठ्या गद्यकारांनी लिहिलं ते किशोरांसाठी, वाचत्या मुलांसाठी. पाचाखालच्या पोराचं गद्य कोणी अंगावर घेतलं नाही.

घेतलं ते माधुरी पुरंदरे यांनी. त्यांना २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६मध्ये पहिला बिग लिटल बुक अवॉर्ड मिळाला. या गोष्टी सांगायच्या त्या यासाठी की इतकं होऊनही देवरी-चिचगडच्या बाजूला त्यांचं नाव शिक्षकांनासुद्धा सांगावं लागतं. त्यांचं ‘राधाचं घर’ ज्योत्स्ना प्रकाशननं काढलं. एकेका पुस्तकात घरातलं एकेक माणूस. काही घडत नाही. कोणी हरवत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. राधा आपल्या माणसांविषयी सांगते, बस्स. पण वाक्यं पाहा: आखूड, बोलण्यातली, ‘गेलं-केलं’ची, आणि पान उलटण्याआधी नेमकी तिथे थांबणारी जिथे पोर ‘मंग?’ म्हणतं. चित्रं त्यांचीच असल्यानं मजकूर चित्रातलं परत सांगत बसत नाही. हे साधणं फार अवघड. चित्रात बाबा मिशीला कात्री लावताना दिसत असेल तर मजकुरानं ते पुन्हा कशाला सांगावं? आपल्याकडे चित्रकार एका गावचा, लेखक दुसऱ्या गावचा आणि दोघांची गाठ छापखान्यात, अशी रीत. त्यामुळे चित्र आणि मजकूर एकमेकांचं भाषांतर करत बसतात. त्यांचं ‘चित्रवाचन’ मी फार वापरतो. त्यात मी वाचायचं नसतंच, पोरीनं सांगायचं असतं.

आता एक तक्रार, आणि ती पुरंदऱ्यांविरुद्ध नाही. राधाचं घर शहरातलं आहे, मध्यमवर्गातलं आहे. लेखिकेला जे घर माहीत तेच तिनं प्रामाणिकपणे काढलं, म्हणून ते खरं उतरलं. आणि पुस्तक चांगलं असल्यानं माझ्या नातीनं त्यात आपलं घर बसवून टाकलं. राधाचे आजोबा जे करतात त्यानंतर ती थांबते आणि म्हणते, ‘अन् माहे आबाजी बांधीत जाते.’ (बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांधानं वेढलेला तुकडा, पुण्याच्या वाचकासाठी सांगतो.) तक्रार ही की राधाच्या घरासारखं उत्तम दुसरं घर कोणी बांधलं नाही. पुरंदऱ्यांचं अनुकरण करणारे निघाले. त्यांनी फ्लॅट उचलला, वाक्य नाही उचललं.

बाकीचं खोकं अनुवादांचं, आणि मराठी चित्रपुस्तकांचा व्यवहार आज मुख्यतः अनुवादावरच चालतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी पहिलं रंगीत पुस्तक पाहिलं ते मॉस्कोत छापलेलं, लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून आलेलं, चहाच्या किमतीत. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७चा; त्याच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं आजही एसटीच्या तिकिटाहून स्वस्त पडतात, आणि मिकी पटेल, पुलक विश्वास यांच्यासारख्या चित्रकारांचा हात पोराच्या नजरेखालून जातो. चेन्नईची तूलिका मराठीतही पुस्तकं काढते. तिच्या ‘एक्की दोक्की’ची मला गंमत वाटते. एक केसवाली आणि दोन केसवाली अशा दोन बहिणींची ही आपली महाराष्ट्रातली लोककथा. ती चेन्नईला गेली, तिथे इंग्रजीत नांदली आणि चित्रांचे दागिने घालून माहेरी आली. माहेरच्यांना ती कोणाची ते ओळखावं लागलं.

पण अनुवाद करणाऱ्यांनी मराठीच्या दोन-तीन खोडी ओळखल्या तर किती बरं होईल. पहिली लिंगाची. इंग्रजीतलं अस्वल ‘ही’, म्हणजे ‘तो’, असतं. मराठीत अस्वल ‘ते’. मांजर ‘ते’, हरीण ‘ते’, माकड ‘ते’. अनुवादक घाईत ‘तो अस्वल’ लिहून मोकळा होतो आणि पाच वर्षांचं पोर खदखदून हसतं, नको तिथे. जुन्या सांगणाऱ्यांनी यावर तोड काढलेलीच होती: नातं लावून टाकायचं. अस्वलदादा, चिऊताई, चांदोमामा, मनीमावशी. लिंगही सुटलं आणि परकेपणाही गेला. भीती वाटते त्याला ‘बा’ जोडायचा: वाघोबा, कोल्होबा, नागोबा. पोराला हे न सांगता कळतं की ज्याला ‘ओबा’ लागतो त्याच्यापासून दोन हात लांब राहायचं, पण त्याचा मान ठेवायचा. ही आमच्या भाषेतली जंगलाची अख्खी रीतभात आहे. नव्या अनुवादात प्राण्यांना टिंकू, मिंटू, जंबो अशी नावं असतात. टिंकू वाघाला कोण भिणार?

दुसरी खोडी आवाजाच्या शब्दांची. धपकन, सुळकन, भुर्रकन, चटकन, बदकन, खुदकन. प्रत्येक पडण्याला, पळण्याला, हसण्याला वेगळा शब्द, आणि बहुतेकांना तोच ‘कन’चा ठसका. आंबा ‘टपकन’ पडतो, म्हैस ‘बदकन’ बसते, बेडूक ‘डुबकन’ बुडी मारतो. इंग्रजी पुस्तकात मोठ्या अक्षरात आवाज छापतात तो बहुधा सुटा, वाक्याबाहेरचा. आपला आवाज वाक्यात बसतो आणि क्रियापदाला ढकलतो. ज्या क्रियापदाची पोराला वाट बघावी लागते असं मी वर म्हटलं, ते येण्याआधीच ‘सुळकन’ येऊन काय होणार ते सांगून जातो. मराठी गद्य मोठ्यानं वाचायचं तर हा आपला हुकमी पत्ता आहे. तो न खेळता अनुवादक ‘वेगाने पळाला’ लिहितो. पळू दे बापडा.

प्रथम बुक्सनं २०१५मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केलं तेव्हापासून पुस्तकांचा दुष्काळ फोनपुरता तरी संपला. शेकडो गोष्टी मराठीत फुकट, उतरवून घेण्याची, छापण्याची, बदलण्याचीसुद्धा मोकळीक. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही तिथे ही सोय फार मोठी. पण तिथे कोणीही अनुवाद चढवू शकतो, त्यामुळे एक गोष्ट साखरेसारखी आणि पुढची खड्यासारखी. मी जी गोष्ट घेतो ती आधी वहीत उतरवतो, माझ्या मराठीत करतो आणि मग वाचतो. मोकळीक दिलीच आहे, तर वापरायची. पुण्याहून निघणारं ‘चिकूपिकू’ मासिक या वयाची आच असलेलं आहे, त्यात ऐकायच्या गोष्टींचीही सोय असते. ऐकायची सोय मी मात्र कमी वापरतो. यंत्रातला आवाज ‘मंग?’साठी थांबत नाही.

आता खोक्यात जे नव्हतंच त्याविषयी. माझी नात रोज जे पाहते त्याची यादी केली तर: बोडी (म्हणजे लहान तळं), तिच्यातले शिंगाडे, रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बाया, मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली शेजारीण, तेंदूपत्त्याचे पुडे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर चालणारी दंडार. गोंदिया जिल्ह्याची ओळख म्हणून सारस पक्षी सांगतात. माणसाच्या उंचीचा, जोडीनं धानाच्या बांधीत फिरणारा. पाच वर्षांच्या पोरासाठी याहून चांगला नायक आणि नायिका कोणाला सापडणार? सारसाचं एक वाचून दाखवण्याजोगं मराठी चित्रपुस्तक मी शोधतो आहे; माझ्या हाती अजून लागलेलं नाही. पेंग्विनची दोन मिळाली. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या जंगलात उमेदीची वर्षं काढली, इथल्या लोकांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावं मराठीत नेली. ते खजिन्याचं दार उघडून गेले. लहान मुलांच्या पुस्तकांचा एकही लेखक त्या दारातून आत गेलेला मला दिसला नाही.

गोंडीची कथा आणखी कडू. चिचगड ही एके काळची जमीनदारी, सभोवताली गोंड आणि हलबा वस्ती. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला देशभरातले गोंड येतात. परधान लोक बाना वाजवत घराण्यांच्या कहाण्या गातात, म्हणजे ऐकण्याची परंपरा इथे काही हजार पानांची आहे. मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांनी झाडांच्या रात्रीच्या आयुष्यावर जे पुस्तक चितारलं ते चेन्नईच्या तारा बुक्सनं २००६मध्ये काढलं आणि २००८मध्ये बोलोन्याला त्याला बक्षीस मिळालं. इटलीत ज्या झाडांचं कौतुक झालं ती झाडं आमच्या मोहाची सख्खी भावंडं. चिचगडच्या गोंड पोरापर्यंत ते पुस्तक आलेलं नाही. येईल तेव्हा इंग्रजीत येईल. सीजीनेट स्वरा या व्यासपीठाच्या गोंड तरुणांनी प्रथम बुक्सच्या गोष्टी गोंडीत आणल्या, हे मोलाचं काम. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यतेवरून तिला सरकारी नोटिशीला तोंड द्यावं लागलं. घरच्या भाषेत शिकवायचं तर सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि टाय बांधून परक्या भाषेत शिकवायचं तर शिफारस लागत नाही, असा हा न्याय.

नुसती पुस्तकं पाठवूनही भागत नाही, हे ज्यांना कळलं अशी एक संस्था पालघर जिल्ह्यात आहे. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात नट मंडळी आदिवासी मुलांच्या शाळेत जाऊन पुस्तकातली गोष्ट करून दाखवतात. आमच्या झाडीपट्टीत तर नाटकवेडी माणसं गावागावांत. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर रात्री जागवतात. त्यातल्या एखाद्या नटानं दिवसा अंगणवाडीत बसून एक चित्रपुस्तक वाचलं तर? मी हे दोन-तीन जणांना बोलून पाहिलं. हसले. म्हणाले, मास्तर, त्यात गाणं कुठे आहे?

खरं तर त्यांचं बरोबर आहे. गाणं हवंच. म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी जागा हवी, जिथे ऐकणाऱ्यानं सुरात सूर मिसळायचा. लोककथेत ती असते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी मराठीत आहे, बंगालीत आहे, पार इराणातही आहे. वाटेवरचे वाघ-लांडगे तेच, प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि पोर दुसऱ्या लांडग्यापासूनच म्हातारीच्या वतीनं बोलायला लागतं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही तेच. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं वाहून जातं. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी नवं कारण सांगते. बाळाची अंघोळ, बाळाचं काजळ, बाळाची झोप. ही गोष्ट मी छापील चार-पाच रूपांत पाहिली. निम्म्या पुस्तकांनी कारणं तीनवर आणली, कारण पानं मोजकी. एकानं शेवटी ‘आळशी कावळ्याला धडा मिळाला’ असं छापलं. शेणाचं घर बांधणारा आळशी? आमच्या गावात अजून मातीच्या भिंती आहेत, शेणानं सारवलेल्या, आणि पावसात त्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी ही गोष्ट वाचत होतो. बाहेर झड लागलेली. शेजारच्या घराची मागची भिंत आदल्या रात्री बसली होती, ती माणसं आमच्या छपरीतच गाठोडी घेऊन होती. चिमणी बाळाला काजळ लावते इथपर्यंत आलो तर नातीनं पानावर हात ठेवला.

‘आबाजी, तिनं कवाड काहून नाई उघडलं?’

मी म्हटलं, बाळाला काजळ लावत होती ना.

‘एका हातानं लावाचं. अन् दुसऱ्या हातानं उघडाचं.’

शेजारची म्हातारी गाठोड्यावर बसल्या बसल्या हसली. मी पुढचं वाचायला गेलो तर पोरीनं पान उलटू दिलं नाही. तिनं स्वतःच सांगितलं: चिमणीनं कवाड उघडलं, कावळा आत आला, त्याचे पाय चिखलाचे होते, चिमणीनं पोतं दिलं पुसायला, मग त्यांनी आंबील पेली. मी म्हटलं, पुस्तकात असं नाही. ती म्हणाली, हाये.

त्या दिवसापासून आमच्या घरी ती गोष्ट वाचायची म्हणजे काजळाचं पान झालं की थांबायचं. पोर पुस्तक माझ्या हातून ओढून घेते, काजळाचं आणि झोपेचं पान दोन बोटांत धरून मध्ये बघते आणि सांगते, पोत्याचं पान चिकटलं आहे, निघत नाही, आबाजी, तुमी वाचा.